डब्याचा मालक कोण?

एक प्रसंग सोडला, तर सुभेदार नाथाजी साबळे यांनी उभ्या आयुष्यात न वाचता कशावरही सही केलेली नव्हती. बँकेच्या फॉर्ममागची मुंगीएवढी अक्षरं भिंग लावून वाचणारा आणि नऊ नंबरच्या कलमात घोळ आहे म्हणून मॅनेजरला खुर्चीवरून उठवणारा साताऱ्यातला हा एकमेव इसम. त्यांच्या मोबाईलला दोन वर्षांत एकही अपडेट मिळालं नव्हतं. 'मला मान्य आहे' हे बटण दाबण्याआधी ते सगळ्या अटी वाचायला घेत, आणि वाचून संपेपर्यंत नव्या अटी येत. फौजेच्या सिग्नल विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. संदेश पुढं धाडण्याआधी दोनदा वाचायचा, ही सवय हाडीमाशी खिळलेली. लोक हसत. नाथाजी म्हणत, "हसा. अडकला की माज्याकडंच येताय." आणि खरंच तसं व्हायचं.

तो सोडलेला एक प्रसंग भाऊसोचा.

भाऊसो कोळेकर त्यांच्याच युनिटमधला नाईक. जत तालुक्यातल्या कोरड्या माळावर मेंढरांमागं वाढलेला. गळा असा, की लेहच्या थंडीत तो धनगरी ओवी गायला लागला की पंजाबी, मद्रासी, गढवाली सगळे शेगडीभोवती गोळा व्हायचे. शब्द एकालाही कळायचा नाही, पण उठायचंही कुणी नाही. भाऊसो रिटायर झाला त्या दिवशी नाथाजींनी हौसेनं नवाकोरा भारी रेकॉर्डर आणला, त्याच्या अटींवर तशीच सही ठोकली आणि भाऊसोचं तासभर गाणं भरून घेतलं. "भाऊ, तुजा आवाज आता अमर झाला," असं छाती ठोकून सांगितलं. पुढं तो रेकॉर्डर बनवणारी परदेशी कंपनीच बुडाली. फाईल फक्त त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये उघडायची, प्रोग्रॅम दर वेळी कंपनीकडून किल्ली मागायचा, आणि किल्ली द्यायला कंपनीच उरली नव्हती. फाईलचं नाव दिसे, तारीख दिसे, आकार दिसे. आवाज मात्र आत बसलेला. जाणत्या सहा जणांनी हात टेकले. हे असं होऊ शकतं, असं अटींच्या सतराव्या कलमात साफ लिहिलेलं होतं. नाथाजींनी ते कलम वाचलं, पण कंपनी बुडाल्यावर.

भाऊसो त्यावर कधी चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं नाथाजींना अजून वाटायचं.

म्हणून शनिवारी सकाळी भाऊसोच्या बायकोचा, अंबूबाईचा फोन आला, तेव्हा त्यांचा चहा तसाच निवला.

"आवं भावजी, ह्यांच्या गळ्यात गाठ निघालीया. मिरजंला दावली. येत्या शुक्रवारी आपरेशन हाय."

"गाठ कसली?"

"साधी हाय म्हनतोय डाक्टर. जिवाला घोर न्हाई. पर आवाज पैल्यावानी ऱ्हाईल ह्याचा भरवसा देत न्हाई. गायचं आसंल तर आदी अर्दा घंटा गाऊ दे म्हनला, लय ताणू नगंस म्हनला."

"मग भरून घेऊ की आवाज! क्रांती हाय की सांगलीत. मशीन हाय तिच्याकडं."

"तितंच तर घोडं आडलंय," अंबूबाई म्हणाली. "ह्यो मानूस मशिनीम्होरं गात न्हाई आता. बिरोबाम्होरं भंडारा उचललाय. तुमी या, तुमचंच आयकंल तर आयकंल."

रविवारी सकाळच्या गाडीनं नाथाजी निघाले. क्रांती त्यांची मुलगी, सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिनं भाऊसो आणि अंबूबाईला आदल्याच दिवशी आपल्या विश्रामबागच्या घरी आणून ठेवलं होतं. नाथाजी दारात पोचले तर भाऊसो सोफ्यावर मांडी घालून शेंगा फोडत बसलेला. आजारी माणसाचं एकही लक्षण नाही, फक्त गळ्याला मफलर.

"ये सुभेदार. गाठ माज्या गळ्यात आन तोंड तुजं उतारलंय व्हय रं?"

"भंडारा कशापायी उचलला, ते सांग आदी."

भाऊसोनं शेंगांची टरफलं गोळा केली आणि सांगितलं. दोन वर्षांमागं कुठल्याशा गाण्याच्या कंपनीचा माणूस गावात आला. शाल घातली, नारळ दिला, ओवी भरून घेतली, कागदावर सही घेतली. सही करताना भाऊसोला वाटलं, नारळाची पोच असेल. पुढल्या जत्रेत त्याच्याच मेळातल्या पोरांनी त्याचीच ओवी म्हटली आणि मोबाईलवर टाकली. चार दिवसांत ती काढून टाकण्यात आली. ही ओवी अमुक कंपनीच्या मालकीची आहे, असा वर निरोप.

"माज्या गुरूची ओवी," भाऊसो म्हणाला. "त्याला त्याच्या गुरूनं दिल्याली. आन मालक कोन, तर शाल घालनारा! तवा भंडारा उचलला. ज्या मशिनीचा मालक उद्या ओवीवर हक्क सांगंल, तिच्याम्होरं तोंड उगडनार न्हाई."

"आरं पण मशीन माज्या पोरीचं हाय!"

"मशीन पोरीचं. पर आवाज ज्या डब्यात भरनार, त्या डब्याचा मालक कोन?"

प्रश्न वर्मावर बसला. नाथाजींना आपली ती बंद फाईल आठवली. त्यांनी क्रांतीकडं पाहिलं.

क्रांतीला असले प्रश्न आवडत. "काका, डब्याचं नाव फ्लॅक," ती म्हणाली. "आवाज घडी घालून ठेवायची ती एक पद्धत आहे. घडी घालताना त्यातला तीळभरही टाकून देत नाही, म्हणून तिला लॉसलेस म्हणतात. मोबाईलवर आपण गाणी ऐकतो ना, त्यातली बरीचशी 'एवढं काय कुणाला ऐकू येतंय' म्हणून थोडी खरडून टाकलेली असतात."

"म्हंजी कोठारातनं निघाल्यालं पोतं लंगरात तेवढंच पोचतंय," नाथाजींनी भाऊसोला फौजी भाषेत समजावलं. "मदी कुनी मूठ मारत न्हाई."

"ते कळलं. मालक?"

"मालकच नाही," क्रांती म्हणाली. "पद्धत कशी चालते ते सगळं लिहून उघडं ठेवलंय. आजचा प्रोग्रॅम उद्या बंद पडला तर कुणीही नवा लिहील आणि तुमची फाईल उघडेल. पन्नास वर्षांनीसुद्धा."

भाऊसो हसला. "पोरी, बिनमालकाची बांधाची बोरसुदिक कुटं घावत न्हाई, आन डबा घावतोय व्हय? फुकाट म्हनलं की मी आता शाल चाचपून बगतोय." मग तो नाथाजींकडं वळला आणि त्याचा आवाज एकदम गंभीर झाला. "नाथा, तू कागद वाचनारा मानूस. त्या डब्याचा कागद आसंलच की. तू वाच. समदा वाच. आन मग तू भंडारा उचलून सांग, की ह्यात फसवनूक न्हाई. तू उचललास की मी गातो. दुसऱ्या कुनाचं मी आयकनार न्हाई."

झालं. सगळं ओझं सुभेदारांच्या डोक्यावर. खोटा भंडारा उचलणं ही त्यांच्या लेखी मोठी गोष्ट होती. भंडारा म्हणजे नुसती हळद नव्हे. तो उचलून बोललेला शब्द सात पिढ्यांना बांधतो, असं मानणाऱ्या माणसासमोर तो उचलायचा होता. आणि एकदा याच माणसाला छाती ठोकून दिलेला शब्द हवेत गेला होता.

दुपारी आवाज भरायला शांत जागा बघावी म्हणून बापलेक मिरजेला क्रांतीच्या ओळखीच्या लालासाहेबांच्या कारखान्यात जाऊन आले. लालासाहेब तंबोरे बनवायचे. हॉस्पिटल तिथून दोन गल्ल्यांवर, आणि गल्ली इतकी शांत की पॉलिशचा कपडा फिरलेला ऐकू यावा. छताला वाळके भोपळे टांगलेले, भिंतीला तारा चढवलेले दहा-बारा तंबोरे ओळीनं उभे. क्रांतीनं एक तंबोरा छेडून दोन प्रकारे भरून घेतला, एकदा मोबाईलच्या नेहमीच्या पद्धतीनं आणि एकदा फ्लॅकमध्ये. लालासाहेबांनी डोळे मिटून दोन्ही ऐकले.

"पहिल्यात सूर हाय," ते म्हणाले, "पण जवारी पातळ झालीया. सुराच्या अंगावर जी गुंजणारी झालर असते ना, ती. आम्ही आठ-आठ दिवस कानस मारतो ती त्या झालरीसाठी. दुसऱ्यात ती जशीच्या तशी हाय. खोली तुमची, हवा तेवढा वेळ घ्या."

खोली ठरली, डबा ठरला. राहिला कागद.

घरी येऊन नाथाजींनी चष्मा पुसला, भिंग काढलं आणि क्रांतीनं छापून दिलेला फ्लॅकचा परवाना समोर घेतला. तिला वाटलं होतं, इतका लहान कागद पाहून आबा खूश होतील. एका पानात मावत होता. नाथाजींनी पहिली ओळ वाचली आणि भिंग खाली ठेवलं.

"क्रांते! हितं कॉपीराइट लिवलंय की!"

"हो, ते..."

"कॉपीराइट म्हंजी मालकी. खाली नाव हाय, साल हाय. आन तू म्हनतीस मालक न्हाई? ह्याच शब्दावर तर भाऊची ओवी गेली!"

"आबा, तो आवाजावरचा हक्क नाही. ज्यांनी घडी घालायचा प्रोग्रॅम लिहिला त्यांचं नाव आहे. पुढं वाचा, त्यांनी सगळ्यांना मोकळीक दिलीय."

"आज दिली. उद्या काढून घेतली तर?"

"दिलेली काढता येत नाही. आणि फॉरमॅट तर..."

"मला तोंडी नको. लेखी पायजे."

"आबा, तुमच्या हातात लेखीच आहे!"

"हे सगळ्यांना लिवलंय. मला कुठं लिवलंय?"

क्रांतीनं कपाळाला हात लावला. नाथाजींनी मात्र कोरा कागद ओढला आणि फौजी इंग्रजीत अर्ज लिहिला. विषय: नाईक भाऊसो कोळेकर, सेवानिवृत्त, यांची ओवी आपल्या फॉरमॅटमध्ये कायमस्वरूपी ठेवण्याबाबत ना हरकत प्रमाणपत्र मिळणेविषयी. खाली हुद्दा, सर्व्हिस नंबर, सही.

"हे त्यांना पाठव. तीन प्रतींत."

"ईमेलला तीन प्रती नसतात, आबा."

"मग तीनदा पाठव."

तिनं तीनदा पाठवला. स्वयंपाकघरातून भाऊसोचं हसणं ऐकू येत होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर नक्की येईल, असा नाथाजींचा हिशेब होता. परदेशी माणसं पत्राला उत्तर देतात, हा त्यांचा अनुभव होता.

पण सोमवारी सकाळी नऊ वाजता हॉस्पिटलचा फोन आला. डॉक्टरांना शुक्रवारी परगावी जायचं होतं, ऑपरेशन उद्या सकाळीच. आज दोनच्या आत दाखल व्हा.

चार दिवसांचे पाच तास झाले होते. ईमेलची पेटी त्यांनी क्रांतीकडून चार वेळा उघडून घेतली, उत्तर नव्हतं.

"चला तर खरं," क्रांती म्हणाली. "लालासाहेबांकडं जाऊ. तिथं बघू."

साडेदहाला सगळे कारखान्यात होते. लालासाहेबांनी कारागिरांना चहाला बाहेर धाडलं, घोंगडं अंथरलं. क्रांतीनं माईक लावला. भाऊसो घोंगड्यावर बसला, मफलर काढला, घोटभर कोमट पाणी प्याला. अंबूबाईनं कनवटीची पिशवी सोडून तळहातावर भंडारा घेतला आणि नाथाजींसमोर धरला. सगळे त्यांच्याकडं बघू लागले.

नाथाजींचा हात वर आला आणि मध्येच थांबला.

"न्हाई जमत," ते म्हणाले. "भाऊ, मी एकदा तुला न वाचता शबूद दिला आन तुजा आवाज घालवला. ह्या कागदावर मालकाचं नाव हाय. मी त्याला पत्र धाडलंय, उत्तर न्हाई आलं. पोरगी म्हनती चालतंय. चालत आसंल. पर मला पुरतं कळल्याबिगर मी खोटा भंडारा उचलनार न्हाई. तुज्याम्होरं तर न्हाईच न्हाई."

अंबूबाईचा हात तसाच पुढं. अकरा वाजायला आले होते, आणि उद्या या वेळेला त्या गळ्यात काय उरलेलं असेल हे देवालाच ठाऊक होतं. नाथाजींना वाटलं, आपण या माणसाचा आवाज दुसऱ्यांदा घालवला, आणि या वेळी तर वाचून घालवला.

"कागद हाय का संगं?" भाऊसोनं विचारलं.

"हाय."

"वाच. मराटीत सांग. मला कळंल आसं."

नाथाजींनी खिशातून घडी काढली. "वर नाव हाय, ज्यानं केलं त्याचं. मग म्हनतोय, हे कुनीबी वापरा, कुनालाबी द्या. पायजे तर त्यात बदल करा."

"बरं."

"फकस्त म्हनतोय, वरचं नाव पुसू नगा. पुढं कुनाला दिलं तर हे नाव आन हा कागद संगं द्या."

भाऊसोनं मान वर केली. "आन?"

"आन म्हनतोय, आमचं नाव वापरून सोताची जाहिरात करू नगा. आमी पाठीशी हाय आसं दावू नगा."

"आन?"

"आन शेवटाला म्हनतोय, जसं हाय तसं दिलंय. बिघाडलं, नुसकान झालं, तर आमच्या नावानं बोंबलू नगा."

भाऊसो घोंगड्यावर मागं रेलला आणि हसत सुटला. इतका, की अंबूबाईला "गळा, गळा!" म्हणून ओरडावं लागलं.

"आरं नाथा," डोळे पुसत तो म्हणाला, "ह्यो कागद कुनी लिवला? माज्या गुरूनं लिवला व्हय रं?"

"म्हंजी?"

"माज्या गुरूनं मला ओवी दिली तवा काय सांगितलं? म्हनला, भावशा, कुटंबी गा. कुनालाबी शिकीव. तुजं चार शबूद घालावं वाटलं तर घाल. पर सुंबरान मांडताना माजं नाव घ्यायचं, माज्या गुरूचं घ्यायचं. नाव गाळलंस तर ओवी चोरलीस. आन माजं नाव सांगून गावोगाव मोठेपना मिरवू नगंस. आन भर जत्रंत ईसरलास, लोकं हासली, तर घरी यून मला शिव्या देऊ नगंस." तो पुढं वाकला. "सुंबरान म्हंजी काय? गान्याच्या आदी समद्यांची याद. देवाची, गुरूची. आता त्यात गुरूचं नाव हाय म्हून गुरू ओवीचा मालक झाला व्हय? त्यो तर देऊन मोकळा झाला. शालवाल्यानं काय केलं? नावं पुसली आन कुलूप घातलं. ह्यो गडी काय म्हनतोय? कुलूप नगं, नाव तेवडं ठेवा. नाव ठेवनं येगळं, मालकी येगळी. अठ्ठावीस वर्सं ऑर्डरी वाचल्यास, येवडं कळंना?"

नाथाजी कागदाकडं बघत राहिले. तीच अक्षरं, तीच ओळ. काल रात्रभर भिंगातून पाहिली होती, आणि आता कुठं ती नीट दिसली. आपण देणाऱ्याकडंच पुन्हा परवानगी मागत बसलो होतो, हे उमजून त्यांना लाजही वाटली आणि हसूही आलं.

त्यांनी चिमूट उचलली. "बिरोबाच्या नावानं," ते म्हणाले, "ह्या डब्याला कुलूप न्हाई. ह्या डब्याचा कुनी तुज्या ओवीवर हक्क सांगनार न्हाई. मी वाचलंय, आन मला कळलंय." चिमूटभर हळद त्यांनी आपल्या कपाळाला लावली, चिमूटभर भाऊसोच्या.

"त्या गड्याचं नाव काय म्हनलास? वरचं?"

नाथाजींनी वाचून दाखवलं. भाऊसोनं दोनदा घोळवून बघितलं.

मग त्यानं डावा हात कानावर ठेवला आणि सुरू केलं. आधी बिरोबा, मग गुरूचा गुरू, मग गुरू, आणि त्यांच्या पाठोपाठ सातासमुद्रापल्याडच्या त्या माणसाचं नाव. भाऊसोच्या तोंडात ते नाव पार जत तालुक्यातलं होऊन गेलं होतं. क्रांतीनं हसू दाबायला तोंडावर ओढणी धरली. आणि मग ओवी लागली:

कोकरू चुकलं माळावर, दिस चालला कलून,
धन्यानं घातली साद, आलं माघारी पळून.

आवाज वर गेला आणि भिंतीशी उभे असलेले तंबोरे गुंजायला लागले. कुणी हात लावला नव्हता. क्रांती दचकली, तिनं लालासाहेबांकडं पाहिलं. त्यांनी हातानंच सांगितलं, राहू दे. आपला सूर खोलीत आला की तार आपणहून बोलते, हे त्यांना रोजचं होतं. अर्धा तास म्हणता म्हणता चाळीस मिनिटं झाली. लेहचे डोंगर आले, शेगडी आली, दूध आटलेली मेंढी आली. भाऊसो थांबला तरी तारा थोडा वेळ बोलत होत्या. नाथाजी खुशाल रडत होते.

"आता हे जगात सोडायचं तर ह्यालाबी एक कागद पायजे," भाऊसो पाणी पिऊन म्हणाला. "सुभेदार, तूच लिव."

सुभेदारांनी तिथंच, तंबोऱ्याच्या पेटीवर कागद ठेवून लिहिलं: 'ही ओवी कुणीही गावी, कुणालाही शिकवावी, तिच्यात भर घालावी. सुंबरानातली नावं गाळू नयेत. तिला कुलूप घालू नये. गाताना चुकल्यास भाऊसो जबाबदार नाही.' शेवटच्या वाक्याला भाऊसोनं मोठ्यानं दाद दिली. क्रांतीनं त्याला साजेसा खुला परवाना जोडला आणि फाईल सगळ्यांसाठी ठेवून दिली. पावणेदोनला ते हॉस्पिटलच्या दारात होते. तिथल्या संमतीपत्रावरही 'आवाजाची हमी देता येत नाही' असं लिहिलेलं होतं. नाथाजींनी ते दोनदा वाचलं, मग मुकाट्यानं पेन भाऊसोच्या हातात दिलं.

गाठ साधीच निघाली. आवाज मात्र गेला तो गेला. बोलणं आलं, पण खालच्या पट्टीतलं, घोगरं, वरचा सूर लागेना. "आता मी कोल्ह्यावानी बोलतोय," असं भाऊसो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला. अंबूबाई म्हणाली, घरात जरा शांतता झाली. दोन महिन्यांनी नाथाजींच्या अर्जाला उत्तरही आलं. त्या मंडळींतल्या कुणीतरी दोन ओळी लिहिल्या होत्या: परवानगी आधीपासूनच आहे, गाणं ऐकायला मिळेल का? नाथाजींनी ते छापून घेतलं, वर आवक क्रमांक घालून फाईलला लावलं, आणि ओवी पाठवून दिली.

हिवाळ्यात साताऱ्यात शेतीचं प्रदर्शन भरलं. नाथाजी ठिबकच्या नळ्या बघत फिरत होते तोच मंडपातून ढोल वाजला आणि ओळखीची चाल कानावर आली. ते तरातरा आत गेले. माण तालुक्यातली सात-आठ पोरं, पिवळे फेटे, पुढं मल्हार नावाचा काटकुळा गडी. नाथाजी कान देऊन उभे राहिले. बिरोबा आला. गुरूचा गुरू आला. गुरू आला. परदेशातला तो माणूस आला, आता तर तो म्हसवडच्या बाजारातलाच वाटत होता. त्याच्या पाठोपाठ भाऊसो कोळेकर आला. नाथाजींची छाती फुगली. आणि मग मल्हारनं ओळ टाकली:

कोकरू चुकलं माळावर, दिस चालला कलून,
आईनं घातली साद, आलं माघारी पळून.

"आँ? आई कुठनं आली?" नाथाजी मंडपातच म्हणाले. त्यांच्यातला सिग्नलवाला खवळला. संदेशातला शब्द बदलायचा म्हणजे काय! त्यांनी तिथूनच भाऊसोला व्हिडिओ कॉल लावला. "भाऊ, आयक! पोरांनी ओवी बदललीया! धनी काडला आन आई घातली! थांबवतो मी आत्ताच."

पलीकडून घोगरा आवाज आला. "गप. फोन तिकडं धर."

नाथाजींनी फोन मंचाकडं धरला. भाऊसो दोन कडवी ऐकत राहिला.

"नाथा," मग तो हळू म्हणाला, "धन्याच्या सादंनं कोकरू कवा माघारी फिरतंय व्हय रं? आईनं हाक मारली तरच फिरतंय. सारा जलम मेंढरं राखली आन मला न्हाई सुचलं. त्या पोराला सुचलं."

"म्हंजी थांबवू नको?"

"थांबवतोस काय! म्होरं जा."

नाथाजी मंचाजवळ गेले. त्यांनी फोन पुढं धरून ओठांनीच 'भाऊसो' म्हटलं, तसा मल्हारनं गाता गाताच फोनवरच्या चेहऱ्याला वाकून नमस्कार केला. त्यानं पुढची ओळ टाकली, मागच्या पोरांनी ती उचलली, आणि त्या उचललेल्या ओळीत फोनमधून आणखी एक आवाज मिसळला, खालच्या पट्टीतला, घोगरा, पण ठेक्याला पक्का. तीस-चाळीस वर्षं पुढं गाणारा भाऊसो पहिल्यांदाच दुसऱ्याच्या मागं गात होता. मल्हारनं डोळ्यांनीच खूण केली, तसा एकानं माईक फोनजवळ आणून धरला. नाथाजींचा हात भरून आला, तरी ओवी संपेपर्यंत त्यांनी तो खाली केला नाही.